उत्तर मिळायलाच हवं

मी डाळजचा. आमच्या इंदापूर-बारामतीच्या आभाळात शिकाऊ वैमानिकांची विमानं नेहमीची. जुलै 2022 मध्ये त्यांतलंच एक कडबनवाडीच्या शिवारात कोसळलं. वैमानिक मुलगी जेमतेम बावीस वर्षांची. गावकरी हातातली कामं टाकून धावले, तिला आधार दिला. पोरगी वाचली.

लढाईत मात्र विमान परमुलखात पडतं. तिथं धावून येणारी माणसं आपली नसतात.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हवाई दलाच्या 32 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. 3 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी भारत-पाकिस्तान युद्धाला तोंड फुटलं. 5 तारखेला ते सुखोई-7 घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ल्याला गेले. या विमानात वैमानिक एकटाच. खाली उतरून मारा करायचा म्हणजे विमानवेधी तोफांच्या तोंडीच जायचं. तांबे परतले नाहीत. पत्नी दमयंतीताई बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दीडएक वर्ष झालेलं.

त्याच दिवसांत तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या ढाक्याच्या एका वृत्तपत्रानं पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी छापली. त्यात एक नाव होतं, ‘टॉम्बे’. आशा तिथून सुरू झाली.

1949 चा जिनिव्हा करार सांगतो, की युद्धकैदी छावणीत पोहोचला की आठवड्याच्या आत त्याला घरी खुशालीचं कार्ड धाडू द्यावं. दमयंतीताईंच्या घरी असं कार्ड आलं नाही.

दिलीप पारुळकर हेही सुखोईचेच वैमानिक. तेही पाडले गेले, कैद झाले. ऑगस्ट 1972 मध्ये दोन सोबत्यांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटले, अफगाण सीमेजवळ पुन्हा सापडले, पण अखेर मायदेशी आले. आपणही सुमारे 93 हजार पाकिस्तानी युद्धकैदी सोडले. बेपत्ता जवानांच्या यादीत मात्र 54 नावं उरली. त्यांच्या नातेवाइकांनी 1983 मध्ये आणि पुन्हा 2007 मध्ये पाकिस्तानात जाऊन तुरुंग पाहिले. 2007 साली दमयंतीताईही गेल्या. हाती काहीच लागलं नाही. असे कैदी आमच्याकडे नाहीत, हेच पाकिस्तानचं म्हणणं राहिलं.

माणूस गेला असेल, तर कुठं गेला, माती कुणी दिली, हे घरच्यांना कळायला हवं. त्याशिवाय दिवस घालायचे कसे आणि वाट पाहणं थांबवायचं कसं? त्या तोफांवरचे सैनिक, छावण्यांवरचे पहारेकरी आज ऐंशीच्या घरात आहेत. ती पिढी गेली, की विचारायलाही कुणी उरणार नाही. म्हणून दोन्ही सरकारांनी लष्कराची जुनी दप्तरं आताच उघडावीत.

आणि गावोगावी 26 जानेवारीला हुतात्म्यांची नावं घेताना या 54 जणांचीही घ्यावीत. देशानं त्यांना मोहिमेवर पाठवलं होतं. त्यांचं पुढं काय झालं, हे शोधणं देशाचंच काम आहे.