दूरध्वनीची तार आणि लिनक्सचा गाभा
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणावरून)



कार्यकारिणीने आम्हांस एखाद्या उपयुक्त विषयावर बोलण्याची आज्ञा केली. आम्ही मात्र एक जुना विषय निवडला आहे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांस इंटरनेट खुले झाले, तेव्हा पुष्कळ घरांत ते दूरध्वनीच्या तारेवरूनच आले. मोडेमची ती चिरकी शीळ आणि 'फोन मोकळा करा' अशी वडीलधाऱ्यांची हाक अनेकांस आठवत असेल. त्या शिळेनंतर लिनक्सवर चालणाऱ्या यंत्राच्या पोटात काय घडे, तेवढेच सांगावयाचे आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थिदशेत लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. तारेवरून जोडणी करण्याची सोय त्यात नव्हती. मात्र पीपीपी नावाच्या पद्धतीची आज्ञावली कार्नेगी मेलन विद्यापीठात मूळ धरून अन्य युनिक्स प्रणालींवर चालत होती, व तिचा परवानाही उदार होता. मायकेल कॅलहन व अल लाँगइयर यांनी ती लिनक्सवर आणली. पुढे ऑस्ट्रेलियातील पॉल मॅकेरास यांनी तिचा सांभाळ केला. हे काम नकल उतरविण्याचे नव्हे. एका वाड्याचे दार काढून दुसऱ्याच्या चौकटीत बसवावे, तसे ते होते. माहितीचे तुकडे स्मृतीत ठेवण्याची रीत दोन्हीकडे निराळी.

खरी मेख वाटणीत होती. नाव, सांकेतिक शब्द, पत्ता यांची बोलणी संथपणे चालतात. ती गाभ्याबाहेरच्या 'पीपीपीडी' या कार्यक्रमाकडे राहिली. गाभ्याने केवळ धावती अक्षरे सांभाळावयाची. प्रत्येक चौकटीच्या कडेला १२६ हा अंक खूण म्हणून असतो. मजकुरातच १२६ आला तर? त्याच्या जागी १२५ व ९४ अशी जोडी पाठवितात, आणि पलीकडचा गाभा तिचे पुन्हा १२६ करतो. शेवटी पडताळ्याचे दोन अंक. ते न जुळल्यास चौकट टाकून देतात. आम्हांस हे पाहून नेहमी आश्चर्य वाटते की इतक्या साध्या युक्तीवर एवढा व्यवहार चाले.

या धावपळीस सवड फार थोडी. ३८,४०० च्या वेगाने सेकंदास ३,८४० अक्षरे येतात. म्हणजे दर अक्षरामागे सुमारे २६० मायक्रोसेकंद. येथे आमची फजिती सांगितली पाहिजे. १९९७ साली पाने अर्ध्यावर तुटू लागली, आणि पंधरा दिवस आम्ही तारेला दोष दिला. शेवटी यंत्र सुरू होताना गाभ्याने छापलेली ओळ वाचली: आमच्या जुन्या कार्डावरील चिप १६४५० जातीची होती. १६५५०ए चिपमध्ये सोळा अक्षरे थांबू शकतात. हिच्यापाशी तशी रांगच नव्हती. गाभा दुसऱ्या कामात किंचित गुंतला की पुढचे अक्षर मागच्यावर येऊन पडे व चौकट बाद होई. कार्ड बदलले, आणि दुखणे गेले.

जानेवारी २००१ मध्ये लिनक्स २.४ आला, त्यात मॅकेरास यांनी गाभ्यातील भाग नव्याने रचला होता: पीपीपीचे सामान्य काम एका जागी, आणि खालची तार कोणती हा प्रश्न दुसऱ्या. त्यामुळे ब्रॉडबँडच्या जोडणीसही, ज्यात इथरनेटवरून पीपीपी चालते, तेच काम उपयोगी पडले. त्या जोडणीत मोडेमची शीळ नसते, पण नाव आणि सांकेतिक शब्द विचारण्याची रीत तीच राहिली.

ते १६४५० चे कार्ड आमच्या फडताळात अद्याप आहे. मुलांपैकी कोणास पाहावयाचे असल्यास भोजनानंतर आम्हांस अवश्य भेटावे.