एकाच पाण्यातील मासे, निरनिराळे रंग



चाकणजवळच्या भामा नदीच्या एकाच डोहातून मुलांनी एक काळसर व एक फिकट मरळ आणला, तर "या दोन जाती" असे सांगून मोकळे होऊ नये. माशांच्या त्वचेत रंगपेशी असतात. त्यांतील काळे कण पसरले की मासा गडद दिसतो. मध्यभागी गोळा झाले की फिकट. डोळ्यांना भोवताल जसा दिसतो, तसा पुष्कळ माशांत हा पालट घडतो. भय, वय व विणीचा हंगाम हीही कारणे होत. लहान मासा काळ्या व पांढऱ्या भांड्यात आळीपाळीने ठेवून मुलांना स्वतः पाहू द्यावे. मग तो जिवंत नदीत सोडावा. जात ओळखावी ती पर, खवले व मुखाची ठेवण पाहून. रंगावरून जात ठरविण्याची सवय शाळेत सुटली, तर ती गावातही सुटेल.