हार्ड डिस्कचा आवाज

डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो. पिठाच्या गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजावरून गिरणीचा बिघाड ओळखतो. संगणकाच्या हार्ड डिस्कचेंही तसेंच आहे. ती बिघडूं लागली कीं पुष्कळदां कानालाच प्रथम कळतें. मात्र हा आवाज ऐकणाऱ्यानें पुढल्या पांच मिनिटांत काय केलें, यावर दहा वर्षांचे फोटो, दुकानाचे हिशेब किंवा अर्धा लिहिलेला प्रबंध राहणार कीं जाणार, हें बहुधा ठरतें.

ह्या पेटीच्या पोटांत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय खुणांच्या रूपानें मजकूर उमटलेला असतो. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें असें पहिलें यंत्र बाहेर काढलें, तेव्हां त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सर्व मिळून त्यांवर ५० लाख अक्षरें मावत. आजची डिस्क तळहातावर राहते, व तिच्या तबकड्या बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकून चालते. येथील हेड टेकत नाहीं. तबकडीच्या वेगानें उठणाऱ्या वाऱ्याच्या थरावर तें तरंगतें. मधलें अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर. माणसाचा केस ह्याच्या हजारों पट जाड.

चालतांना येणारी मंद गुणगुण आणि मजकूर शोधतांना होणारी बारीक करकर ह्या नित्याच्याच. भय आहे तें ठराविक अंतरानें पुन्हा पुन्हा येणाऱ्या टकटकीचें. तबकडीवर वाट दाखविणाऱ्या खुणा असतात. हेडला त्या सांपडल्या नाहींत म्हणजे तें मागें येतें, पुन्हा जातें, पुन्हा मागें येतें. ही येरझार कानाला टक् टक् अशी ऐकूं येते. क्वचित् दोष केवळ अपुऱ्या विजेचा असतो, म्हणून बाहेरून जोडलेल्या डिस्कची केबल व जोडणीची जागा बदलून एकदां पाहावें. एकदांच! नुसती घुरघुर होऊन तबकडी फिरतच नसेल, तर हेड तिला चिकटलें असावें किंवा मोटर अडकली असावी. आणि खरवड ऐकूं आली, तर हेड तबकडीवर घांसत आहे व मजकुराचा थर खरडून निघत आहे असें समजावें. ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळां फिरते. अशा वेळीं तपासणी कसली करावयाची? वीज तोडावी.

नेमकें येथेंच माणसाला धीर धरवत नाहीं. ‘पुन्हा एकदां लावून पाहूं’ म्हणून दहा वेळां लावलें जातें. कोणी पेटी थोपटतो. कोणी ती फ्रीजच्या बर्फाच्या खणांत ठेवतो. हा उपाय एके काळीं फार सांगितला जाई, पण बाहेर काढल्यावर आंत दंव धरण्याचें नवेंच संकट उभें राहतें. कोणी दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवितो, आणि तो त्याच मोडक्या डिस्कवर लिहीत सुटतो. कोणी दुसऱ्या डिस्कची सर्किटपट्टी आणून बसवितो; परंतु आजच्या डिस्कांत प्रत्येकीच्या जुळणीची खास नोंद त्या पट्टीवरच असते, त्यामुळें नुसत्या अदलाबदलीनें सहसा भागत नाहीं. वाचवावयाचा आहे तो मजकूर. यंत्र बाजारांत दुसरें मिळतें.

आवाज नुकताच सुरू झाला असेल व डिस्क वाचतां येत असेल, तर सर्वांत मोलाचें तें प्रथम दुसरीकडे उतरून घ्यावें. जाणकार लोक ‘डीडीरेस्क्यू’ नांवाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरतात. तो सुस्थितींतील भागाची नक्कल आधीं करतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटीं वळतो. पेटी उघडण्याचें काम मात्र धूळरहित खोलींतच व्हावें; त्या फटीपुढें धुळीचा कण म्हणजे डोंगरच.

डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःही ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. २००७ सालीं गूगलच्या संशोधकांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत बिघडलेल्यांपैकीं ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या चार महत्त्वाच्या नोंदींत कांहींच आढळलें नव्हतें. नव्या सॉलिड-स्टेट डिस्कमध्यें तर फिरणारें कांहींच नसतें, त्यामुळें तिचा बिघाड कानाला कळत नाहीं. तिच्या मजकुराची दुसरी प्रत आधींच काढलेली असावी लागते.