रोज किती तास बसायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचं अंकुशनगर हे साखर कारखान्याचं गाव. गळीत हंगामात रात्री कारखान्याची घरघर आणि भजनातली पेटी एकदमच कानावर येते. माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या मुलांच्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रोज किती तास बसवायचं?" पूर्वी मी "दोन तास" असं ठोकून देत असे. एका मुलाने ते मनावर घेतलं. त्याचं मनगट सुजलं आणि त्याने पेटी कायमची सोडली. चूक माझी होती. तेव्हापासून मी या प्रश्नाचा शोध घेतो आहे.

पेटीच्या पट्ट्या मूळच्या युरोपातल्या, पियानोच्या कुळातल्या. तिथे पूर्वी अंगठा फारसा वापरत नसत. कार्ल फिलिप इमानुएल बाख यांनी १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात त्याला मानाचं स्थान दिलं. आपण सा रे ग वाजवून अंगठा बोटांखालून मध्यमावर नेतो, ती हीच युक्ती.

पुढे एकोणिसाव्या शतकात चेर्नीने बोटांच्या व्यायामांची पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आणि तासांचं वेड वाढलं. शूमानने बोटं बळकट करायला यंत्रही वापरून पाहिलं. त्याच्या उजव्या हाताचं बोट निकामी झालं. कारणाबद्दल मतभेद आहेत, पण वादक होण्याचं स्वप्न तिथेच संपलं आणि तो संगीतरचनेकडे वळला. शोपँचं शिकवणं मात्र निराळं. एक शिष्या रोज सहा तास बसते हे कळल्यावर तो रागावला आणि तीन तासांची मर्यादा घातली. सुरुवातीलाही तो पांढरी एक देत नसे, पांढरी सात देई. कारण तिथे लांब बोटं आपोआप काळ्या पट्ट्यांवर पडतात. हाताची ठेवण पाहून शिकवायचं, ही त्याची दृष्टी.

आपल्या पेटीचं आणखी एक वेगळेपण आहे. पियानोवर पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा होतो. पेटीवर तो भात्याच्या हवेवर अवलंबून असतो. म्हणजे निम्मी विद्या डाव्या हातात! शिवाय पेटीवर मींड निघत नाही. १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली, त्यामागे हाही आक्षेप होता. ती बंदी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिथिल झाली.

या आक्षेपाला ज्यांनी वाजवूनच उत्तर दिलं, त्यांत आपल्या जालना भागात १९२२ साली जन्मलेले अप्पा जळगावकर होते. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्यासारख्यांना त्यांनी साथ केली. गवयाची जागा पुढच्याच क्षणी पेटीतून यायची, तर बोटांआधी कान तयार हवा.

म्हणून आता मी पालकांना सांगतो, लहान मुलाला वीस मिनिटं पुरेत. अलंकार आधी गाऊ द्या, मग संथ लयीत वाजवू द्या. मनगट दुखलं तर लगेच थांबवा. आणि एक काम तुमचं. तेवढी वीस मिनिटं घरातला टीव्ही बंद ठेवा.