आईचा नवस, लेकाची फेड

आमच्या येरमाळ्याच्या माणसाला नवस म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडाई देवीची पालखी निघते, चुन्याच्या रानात माणसं वाकून चुनखडी वेचतात. त्या गर्दीत आईचा, आजीचा राहिलेला नवस फेडायला आलेलेही असतात. माझ्या आजीनं बोललेला एक नवस माझ्या वडिलांनी फेडला. हा आपला नव्हे, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

म्हणून 2004 साली ‘नवरा माझा नवसाचा’ हा सिनेमा आला, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो, पण तो परका वाटला नाही. घरच्यांचा फेडायचा राहिलेला नवस, त्यापायी एसटीनं गणपतीपुळ्याला निघालेले सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर, आणि कंडक्टर अशोक सराफ!

20 वर्षांनी, सप्टेंबर 2024 मध्ये, त्याचा दुसरा भाग आला. आता लेक हेमल इंगळे, जावई स्वप्नील जोशी. एसटी जाऊन कोकण रेल्वे आली आणि अशोक सराफ टीसी झाले.

मला एसटीच हवी होती. येरमाळ्याला रेल्वे नाही, त्यामुळे माझं मन एसटीकडे झुकणारच. पण एसटीत मागच्या बाकावरचं भांडण ड्रायव्हरपर्यंत ऐकू जातं, अनोळखी मावशी मध्ये पडून ते मिटवते. घरगुती विनोद त्या दाटीत पिकतो. रेल्वेच्या लांबलचक गाडीत तो पांगतो.

नव्या चेहऱ्यांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. जुन्या जोडीला ओढूनताणून तरुण ठेवलं नाही, सासू-सासरे केलं, हे मला फार आवडलं. ‘झपाटलेला’ या सिनेमाचंही आधी असंच झालं होतं. तो 1993 चा, त्याचा दुसरा भाग 2013 चा. मधल्या काळात, 2004 मध्ये, त्यातला लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, गेले. त्यांच्या जागी दुसरा लक्ष्या कुठून आणणार? दिग्दर्शक महेश कोठारे यांनी तो आणला नाही. लक्ष्याचा मुलगा आणला. ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली, आणि रामदास पाध्यांचा बाहुला तात्या विंचू तोच राहिला. घरातही असंच होतं. माणूस गेलं की त्याची जागा कुणी घेत नाही, पण त्याचं राहिलेलं काम कुणीतरी उचलतं.

‘नवरा माझा नवसाचा’चा दुसरा भाग पाहून परतताना माझ्या लेकीनं विचारलं, “बाबा, आपल्या घरात कुणाचा नवस राहिलाय का?”

मी आईकडं पाहिलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “हाय एक. तुझ्या जन्माच्या वेळचा. येत्या चैतात जाऊ.”