बेटावर जाणाऱ्या पाहुण्यासाठीं

नवीन जालन्याहून समुद्र जवळ नाहीं. कुंडलिकेच्या कांठच्या या व्यापारी वस्तीपासून मुंबईचा किनाराच सुमारें ४०० किलोमीटर दूर. म्हणूनच सुटी लागली कीं येथील कुटुंबांना समुद्राची ओढ वाटते, आणि समुद्रांतल्या बेटाची त्याहूनहि अधिक. कोणी ग्रीस देशांतील बेटांचीं निळीं-पांढरीं चित्रें पाहून मोहित होतो. कोणी मालवणासमोरील कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग पाहण्याचा बेत करतो. ग्रीस दूरचें व खर्चाचें, मालवण आटोक्यांतलें. परंतु बेट कोणतेंहि असो, तेथें जाणाऱ्यानें एक गोष्ट आधींच ध्यानांत घ्यावी. जमिनीवर प्रवासी आपलें वेळापत्रक स्वतः आंखतो. बेटावर तें समुद्र आंखतो.

पहिला प्रश्न ऋतूचा. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्यावर जाणाऱ्या प्रवासी होड्या पावसाळ्यांत, साधारणतः जूनपासून ऑगस्टअखेर, बंद असतात. ग्रीसमधील स्थिति याच्या उलट. तेथील उन्हाळा कोरडा. पण जुलै-ऑगस्टमध्यें एजियन समुद्रावर मेल्तेमी नांवाचा उत्तरेचा वारा सुटतो, आणि तो फार वाढला म्हणजे मोठ्या बोटींनाहि बंदर सोडण्याची परवानगी मिळत नाहीं. दोन्हीकडे उपाय एकच: परतीच्या तिकिटापूर्वी एक दिवस मोकळा ठेवावा.

जालन्याहून आगगाडीनें मुंबई, तेथून कोंकण रेल्वेनें कणकवली किंवा कुडाळ, व पुढें एस.टी.नें किंवा भाड्याच्या मोटारीनें मालवण, हा मार्ग लहान मुलांना व वृद्धांना सोयीचा. मोटारीनें जाणाऱ्यांनीं कोल्हापुराहून फोंडा घाट उतरावा. मात्र घाट दिवसाउजेडीं उतरणें बरें. कपडे सुती व थोडे अधिक घ्यावेत. जालन्याच्या कोरड्या हवेंत रात्रींत वाळणारा सदरा कोंकणांत सकाळींहि ओलाच असतो.

होडींत बसतांना संकोच सोडावा. लाइफ जॅकेट अंगावर घालून त्याचे बंद बांधल्याशिवाय होडी सुटूं देऊं नये. तें मांडीवर ठेवून उपयोग नाहीं. होडींत गर्दी दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. मे २०२२ मध्यें तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचे प्राण गेले. डिसेंबर २०२४ मध्यें मुंबईहून घारापुरीच्या लेण्यांकडे निघालेल्या बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली व अनेक जण दगावले. पोहतां न येणाऱ्या माणसाला विहिरीची भीति वाटते, पण शांत दिसणाऱ्या समुद्राची वाटत नाहीं. हीच खरी धोक्याची जागा होय.

किल्ल्याचें बांधकाम शिवाजीमहाराजांनीं १६६४ मध्यें आरंभिलें व १६६७ मध्यें तें पुरें झालें. महाद्वार तटाच्या वळणांत असें दडविलें आहे कीं, होडी अगदीं जवळ येईपर्यंत तें दृष्टीस पडत नाहीं. आंत राजाराममहाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. होडीवाल्यानें सांगितलेली परतीची वेळ लक्षांत ठेवून आधीं मंदिर व विहिरी पाहाव्यात, मग तटावर चढावें. तटावर सावली नाहीं. सकाळची फेरी उत्तम. डोक्याला टोपी व पिशवींत जालन्याचीं चार मोसंबीं असावींत. सालें मात्र परत आणावींत.

सर्वांत मोलाची गोष्ट या किल्ल्यांतल्या विहिरींची. दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तिन्ही विहिरींचें पाणी चहूंकडे खारा समुद्र असतांना गोड आहे. बेटावर पडणारें पावसाचें पाणी जमिनींत मुरतें आणि खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्याच्यावर थर धरून राहतें. उपसा अति झाला तर खालचें खारें पाणी वर चढतें. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर लोक पिढ्यान्‌पिढ्या पावसाचें पाणी हौदांत सांठवीत. आतां तेथें समुद्राचें पाणी गोडें करून पुरवावें लागतें. सिंधुदुर्गांत आजहि कांहीं कुटुंबें राहतात. उन्हाळ्याच्या सुटींत पाहुणे सर्वाधिक येतात, आणि पाण्याची ओढ लागते तीहि त्याच दिवसांत.

येथें जालनेकराला कोणी शिकवावें लागूं नये. २०१२-१३ च्या दुष्काळांत ज्यांनीं टँकरची वाट पाहत घागरी रांगेंत लावल्या, त्यांना पाण्याची किंमत ठाऊक आहे. मुक्कामाच्या घरीं अंघोळीला एक बादली पुरे मानावी, नळ उघडा सोडूं नये, पिण्याचें पाणी बरोबर न्यावें. पैसे देऊन खोली मिळते. पण यजमानाच्या विहिरीचें पाणी पैशानें वाढत नाहीं. एवढें ओळखून वागणारा प्रवासी मालवणांत जावो कीं सांतोरिनींत, तो निघाल्यावर मागें राहणाऱ्यांना त्याचें येणें जड वाटणार नाहीं.