सन्मानपत्र आणि प्रवेशद्वार

(गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभातील भाषण)



निकालांचे दिवस आले की गावोगावी गुणगौरवाचे सोहळे होतात. प्रशस्तिपत्रे घरी येतात आणि पालकांच्या मनात एक स्वाभाविक प्रश्न उभा राहतो : महाविद्यालयीन प्रवेशात या सन्मानांचे मोल किती?

याचे उत्तर प्रांजळपणे दिले पाहिजे. महाराष्ट्रात अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर, अभियांत्रिकीचा सीईटी वा जेईईवर आणि वैद्यकीयचा 'नीट'वर ठरतो. बौद्धिक स्पर्धांतील पदकांसाठी त्या यादीत रकानाच नसतो. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचे उदाहरण बोलके आहे. १९६३ साली दिल्लीतील केवळ १० विद्यार्थ्यांपासून सुरू झालेली ही योजना पुढच्याच वर्षी देशभर पोहोचली. तिचा बहुमान मोठा. तरीही आयआयटीच्या दारात प्रज्ञाशोध शिष्यवृत्तीधारकालाही जेईई द्यावीच लागे. २०२१ मध्ये तर ती योजनाच स्थगित झाली.

अपवाद आहेत. कानपूरच्या आयआयटीने २०२५-२६ पासून काही विभागांत ऑलिंपियाडमार्गे प्रवेश सुरू केला. परंतु ही ऑलिंपियाड म्हणजे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत टप्प्याटप्प्याने होणारी, कठोर निवडीची राष्ट्रीय परीक्षा. तेच नाव लावून शुल्क घेणाऱ्या आणि उदारहस्ते पदके वाटणाऱ्या खाजगी स्पर्धांना तेथे स्थान नाही. हा भेद न कळल्याने कित्येक कुटुंबांचा पैसा आणि मुलांच्या संध्याकाळी व्यर्थ जातात.

मग सन्मान निरर्थक ठरतात काय? मुळीच नाही. प्रज्ञाशोधासाठी ज्याने पाठ्यपुस्तकाबाहेर वाचले, उत्तर न पाहता एकाच गणिताशी दोन दिवस झुंज दिली, त्याची बुद्धी तयार झाली. योजना बंद पडली म्हणून ती तयारी नाहीशी झाली नाही. प्रवेश परीक्षेत तीच कामी येते आणि प्रवेशानंतरच्या अभ्यासातही.

म्हणून पालकांनी स्पर्धा निवडताना पदकाचा आकार पाहू नये. त्या निमित्ताने मूल काय शिकेल, हे पाहावे. ज्याच्या हाती आज सन्मानपत्र आले नाही, त्याचा व्यासंग कमी प्रतीचा ठरत नाही. कागद भिंतीवर राहतो. परीक्षेच्या दालनात विद्यार्थ्यासोबत जातो तो केवळ त्याचा अभ्यास.